रिकामा डबा आणायचा नाही

निघोज्याच्या फाट्यावरून आत वळलं की वजनकाट्याच्या मागे एक पत्र्याची शेड आहे. पूर्वी तिथे कुठल्याशा कंपनीचे लाकडी खोके ठोकायचे, आता तिथे वरण शिजतं. बाहेर बोर्ड आहे, बोर्डावर एका परदेशी संस्थेचं लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण ते वस्तीतल्या कुणाच्या जिभेवर कधी बसलं नाही. सगळे म्हणतात, मंजुळाबाईचं सेंटर. संस्थेला हे आवडायचं नाही. मंजुळाबाईला फार आवडायचं, आणि तिने ते कधी लपवलंही नाही.

संस्था मोठी. जगात जिथे दुष्काळ पडतो, लढाया होतात, माणसं अन्नावाचून तडफडतात, तिथे तिचे ट्रक जातात. मग चाकणच्या पट्ट्यात, जिथे रोज नव्याकोऱ्या गाड्या ट्रेलरवर चढतात, तिथे तिचं काय काम, असं कुणीही विचारील. तर इथली भूक गेटाच्या बाहेर असते. कंत्राटी माणसाला काही महिने झाले की कंपनी ‘ब्रेक’ देते. ब्रेक म्हणजे घरी बस, बोलावू तेव्हा ये. खोलीचं भाडं मात्र ब्रेक घेत नाही आणि पोरांची पोटंही घेत नाहीत. अशा घरांसाठी, पोटुशा बायांसाठी, लहान लेकरांसाठी हे सेंटर. दुपारी स्टीलचा डबा भरून न्यायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी घासून परत आणायचा. नियम एवढाच.

पण भांडं परत करायचं म्हटलं की आपल्याकडची बाई काय करते, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तरी ती वाटी परत देताना बाई रिकामी देत नाही. चार शेंगदाणे घालील, गुळाचा खडा घालील, काहीच नसेल तर चिमूटभर मीठ घालील. त्यात कुणी कुणाची परतफेड करत नसतं. आपण घेतलं तसं आपणही देतो, एवढं त्या वाटीतून सांगायचं असतं.

सेंटरात ही रीत आणली खुद्द मंजुळाबाईने, आणि तीही चूल हातात येण्याआधी. ती मूळची जिंतूरकडची. नवरा गेल्यावर ती निघोज्यात कामगारांची खानावळ चालवायची. आवाज असा की शिफ्टचा भोंगा ऐकू आला नाही तरी चालेल. मग लॉकडाऊन आलं, जेवणारी पोरं पायी गावाकडे निघाली, आणि बाईच्या घरात पन्नास माणसांचं पातेलं राहिलं, त्यात घालायला काही राहिलं नाही. पदर तोंडावर ओढून ती या शेडपुढे रांगेत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी डबा घासला आणि तिचा हात अडला. खानावळीच्या मसाल्याच्या डब्यात तळाला थोडं जिरं शिल्लक होतं. तेच कागदात बांधून तिने डब्यात टाकलं. त्या दुपारी वरणाला जिऱ्याची फोडणी होती. पहिला घास घेताना ती रडली, मग रडली म्हणून तिने स्वतःलाच शिव्या घातल्या. ते वरण तिला भिकेचं लागलं नाही, कारण त्यात तिचं जिरं होतं.

पुढे संस्थेने तिलाच स्वयंपाकाला ठेवलं. तेव्हापासून डबे येतात ते काही ना काही घेऊनच येतात. इम्तियाज मेकॅनिकची बायको झुलेखा ओल्या मिरच्या घालायची. खेडची जयमाला आमसुलं घालायची. गावातली म्हातारी सरूबाई, जिला सुना विचारत नाहीत, ती दारातल्या कढीपत्त्याची डहाळी घालायची. ज्यांच्याकडे खरंच काही नसे त्या जास्वंदीचं फूल ठेवायच्या. मंजुळाबाई रोज सकाळी एकेक झाकण उघडायची ती एखाद्या पोरीने वाढदिवसाचे खोके उघडावेत तशी. सगळं एका टोपलीत जायचं आणि टोपलीतलं वरणात. फूल भिंतीवरच्या फोटोला. फोटो कुठल्या देवाचा नव्हता. संस्थेचंच पोस्टर होतं ते, दूरदेशी दुष्काळातल्या एका लेकराचं, मोठ्या डोळ्यांचं. जयमालाने एकदा विचारलंही होतं, “याच्याकडे डबा जातो का हो? आमसुलं टिकतात चांगली.”

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना पाहुणे आले.

परदेशातून देणगीदार जोडपं आलं होतं, सोबत हेड ऑफिसचा एक दुभाष्या. मंजुळाबाईने नवं लुगडं नेसलं होतं. पाहुणीने पातेली पाहिली, तांदूळ पाहिले आणि टोपलीपाशी थबकून विचारलं, हे काय?

“हे आमच्या बायांचं,” मंजुळाबाई छाती काढून म्हणाली. “डब्यातून येतं.”

सगळ्याच देतात का?

“सगळ्या! इथं रिकामा डबा आणायचा नाही, सांगून ठेवलंय मी. आणला तर दारातूनच हाकलून देते!” आणि ती खदाखदा हसली. रांगेतल्या बायाही हसल्या. झुलेखा तर म्हणाली, “मला दोनदा हाकललंय!” आणि पुन्हा हशा पिकला.

दुभाष्या हसला नाही. त्याने शब्दाला शब्द ठेवून सगळं सांगितलं. फक्त हसणं सांगितलं नाही, ते त्याच्या कामात बसत नव्हतं. पाहुणीचा चेहरा उतरला. मंजुळाबाईला वाटलं, मिरचीचा ठसका लागला असेल. तिने पाणी पुढे केलं.

मग एका सकाळी श्रद्धा आली. ही संस्थेची इथली अधिकारी, सांगवीहून स्कूटरवर येणारी, एरवी आल्याआल्या “मावशी, चहा” म्हणणारी. त्या दिवशी चहा मागितला नाही, हेल्मेट हातातच धरून उभी राहिली.

“मावशी, तुमच्यावर तक्रार आलीय.”

“कुणाची? मीठ जास्त झालं व्हय?”

“लाभार्थ्यांकडून तुम्ही वस्तू घेता. न देणाऱ्याला अन्न नाकारता. तुम्हीच म्हणालात म्हणे, पाहुण्यांसमोर.”

मंजुळाबाईला आधी हसू आलं. श्रद्धाकडे पाहून ते जागच्या जागी थांबलं. मग जो राग आला तो पायापासून वर चढत आला.

“काय बोलायलीस तू? अगं, मी त्यांच्या तोंडचं काढून घ्यायले का? मस्करी केली मी! ती झुलेखासुद्धा हसायली होती!”

“मला माहितीय हो. पण मुंबईहून सुजित सर येताहेत चौकशीला. नियम फार कडक आहे, घेणाऱ्याकडून कर्मचाऱ्याने काहीही घ्यायचं नाही. मावशी, तुम्ही फक्त एवढं म्हणा, मी चुकून बोलले, आणि यापुढे डबे रिकामे येतील. मी बाकीचं बघते.”

मंजुळाबाई पातेल्यात डाव फिरवत राहिली. नोकरी गेली तर काय, हे तिला नीट ठाऊक होतं. खानावळ गेली ती गेली. आता नव्या कंपन्यांच्या आत मोठमोठी कॅन्टीन झाली होती, तिच्या वयाच्या बाईला तिथे भांडी घासायलाही कुणी घेत नव्हतं.

“चुकून बोलले, हे म्हणते,” ती शेवटी म्हणाली. “डबे रिकामे येतील, हे नाही म्हणणार.”

चौकशीची बातमी वस्तीत पसरली, आणि पसरताना जी वाकडी झाली ती अशी : मुंबईचा साहेब येतोय, बायांना एकेकीला बोलावून विचारणार आहे, डब्यात काही घालता की नाही. आता हा प्रश्न कानावर पडल्यावर कुठल्याही शहाण्या बाईने काय समजावं? कुणीतरी जाऊन चुगली केलीय की निघोज्याच्या बाया फुकट्या आहेत, नुसतं घेतात, रिकामे डबे आणून टाकतात; म्हणून सेंटर बंद करायला निघालेत. मंजुळाबाईला थोरली बहीण मानून ‘आपा’ म्हणणाऱ्या झुलेखाने पुढाकार घेतला. नळावर पाणी भरता भरता तिने सगळ्यांना बजावलं, “आपाची इज्जत आपल्या हातात आहे. कमी सांगू नका.”

सुजित सर आले. चाळिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, चष्मा, डोळ्यांखाली काळं. चाकणच्या हॉटेलात उतरले होते. वागायला नम्र. मंजुळाबाईने जेवायचं विचारलं तर हात जोडून म्हणाले, “आम्हाला इथलं खाता येत नाही, बाई, नियम आहे.” त्यांनी शेडच्या एका कोपऱ्यात टेबल मांडलं, पुढ्यात लॅपटॉप उघडला आणि मंजुळाबाईला सांगितलं, तुम्ही चुलीपाशी थांबा, मधे बोलू नका. मधे पत्र्याचा एक आडोसा होता. पलीकडचा शब्द न् शब्द अलीकडे येत होता.

पहिली सरूबाई गेली.

“आजी, तुम्ही डब्यात काही घालून देता?”

“व्हय तर! कढीपत्त्याचं झाड हाय माझं, आख्खं झाड हितंच आलंय म्हना की. वर तांदूळ. वर तूप.”

“तूप?”

“घरचं तूप! आमी जुन्या गावातली मान्सं हाय, सायेब. रिकामं भांडं न्हाई देत कुनाला.”

आडोशाच्या अलीकडे मंजुळाबाईने कपाळावर हात मारला. सरूबाईने स्वतःच्या घरात तूप शेवटचं कधी पाहिलं असेल, देव जाणे.

“मंजुळाबाई मागतात का?”

“मागायची येळच येऊ देत न्हाई आमी,” सरूबाई ठसक्यात म्हणाली.

जयमालाने आमसुलांचा नारळ केला. अख्खा नारळ, आणि तोही दर सोमवारी. तिच्या मागची नांदेडकडची पोर, जिचा नवरा पावसाळ्यापासून ब्रेकवर होता, तिने जास्वंदीच्या फुलाचे बेसनाचे लाडू केले. मंजुळाबाईचा जीव वर-खाली होत होता. बाहेर जाऊन ओरडावं, अगं बयांनो, खरं बोला! पण मधे बोलायचं नाही असं ठरलं होतं, आणि शब्द दिला की ती पाळायची.

सगळ्यांत शेवटी झुलेखा. इम्तियाजची पाठ गॅरेजच्या खड्ड्यात पडून मोडल्यापासून शटर खाली होतं, आणि या सेंटरच्या डब्यावर त्या घरातली दोन पोरं उभी होती.

“आमच्याकडून तर अंडी जातात, साहेब. डझन. ईदला शिरखुर्मा. मेरे अब्बा का घर बार्शीत आहे, तिकडून ज्वारीचं पोतं आलं तर अर्धं इथंच.”

“आणि नाही दिलं तर?”

“नाही कसं देणार?” झुलेखा खरोखर चकित झाली. “असं कधी झालंच नाही.”

बाहेर येताना तिचा चेहरा विजयी होता. आडोशाशी वाकून ती कुजबुजली, “आपा, काळजी करू नको. मी सगळं नीट सांगितलंय.”

दुपारी सुजित सरांनी मंजुळाबाईला समोर बसवलं. श्रद्धा बाजूला उभी होती, नखं कुरतडत.

“बाई, तुम्ही वाईट आहात असं मी म्हणत नाही,” ते सुरुवातीलाच म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरेपणा होता. “पण हे फार वाढलंय. तूप, नारळ, अंडी. एक तर हे तुम्ही उकळताय, किंवा या बायांकडे एवढं आहे की त्यांना आमची गरज नाही. दोन्ही बाजूंनी हे किचन चालू ठेवता येत नाही.”

“खोटं बोलल्या त्या.”

“सगळ्याच?”

“सगळ्याच. माझ्यापायी बोलल्या. तुम्ही इचारलं तसं बोलल्या.” ती पुढे सरकली. “साहेब, त्या घालतात ते चिमूटभर. अन् ते जास्तीचं नसतं. ते त्यांच्या ताटातलं असतं. म्हणूनच घालतात.”

सुजित सरांनी मग एक हकीकत सांगितली. दूरदेशी दुष्काळाच्या छावणीत ते स्वतः काम करत होते. तिथे धान्य वाटणारा एक माणूस बायांच्या हातातल्या बांगड्या मागायचा. बांगडी दिली तर पोतं. ज्यांच्याकडे नव्हती त्यांची लेकरं सुजित सरांच्या डोळ्यांदेखत गेली. “त्यानंतर हा नियम झाला. मी तो मोडू शकत नाही, बाई. एकदा घेणाऱ्याकडून काही घ्यायला सुरुवात झाली की ते कुठे थांबेल सांगता येत नाही.”

मंजुळाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने भिंतीवरच्या पोस्टरकडे पाहिलं.

“त्या मुडद्याला तिथंच चौकात बडवायला पाहिजे होतं,” ती म्हणाली. “तुमचा नियम त्याच्यासाठी बरोबर हाय. पण त्यानं बांगडी मागितली, साहेब. इथं कोण मागायलंय? तुम्ही आमच्या बायांना त्या लेकरासारखं भिंतीला लावून ठेवायला निघालाव. नुसतं बघायचं अन् नुसतं घ्यायचं. मी ह्या रांगेत उभी राहिलेय. नुसतं घेऊन घेऊन मान कशी खाली जाते, ते मला माहितीय. चिमूटभर जिऱ्यावर मी मान वर केली होती. ते जिरं मी काढून घेऊ द्यायची नाही, ना माझं, ना त्यांचं.”

“मग माझ्यापुढे पर्याय नाही.” त्यांनी लॅपटॉप मिटला. “उद्यापासून हे किचन बंद. गाडीतून सीलबंद पाकिटं येतील, कुणी उपाशी राहणार नाही. उद्या सकाळी सगळ्यांनी डबे जमा करायचे. संस्थेची मालमत्ता आहे ती. स्वच्छ आणि रिकामे.”

ते बाहेर फोनवर गेल्यावर श्रद्धाने मंजुळाबाईचे दोन्ही हात धरले. “मावशी, अजून वेळ आहे. एक ओळ लिहून द्या, डबे रिकामे येतील. चूल राहील, नोकरी राहील. कशाला एवढं ताणता?”

मंजुळाबाईला भीती वाटत होती. पुन्हा तीच खोली, तेच पन्नास माणसांचं पातेलं, तळाला काही नाही. तिने हात सोडवून घेतले.

“उद्या डबे येतील,” ती म्हणाली. “स्वच्छ येतील.”

घरी जाताना ती नळावर थांबली. झुलेखा तिथेच होती. सगळा प्रकार ऐकून झुलेखाचा चेहरा पांढरा पडला. आपण काय करून बसलो ते तिला त्या क्षणी कळलं. ती रडायला लागली. मंजुळाबाईने तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

“रडतीस काय? डबे मागितलेत परत. सगळे. रिकामे पाहिजेत म्हणे.”

झुलेखाने ओढणीने डोळे पुसले. मग नाक पुसलं. मग तिच्या तोंडावर असं काही आलं की मंजुळाबाईला बरं वाटलं.

“मागू दे,” झुलेखा म्हणाली.

सकाळी सुजित सरांनी शेडपुढे पुठ्ठ्याचे खोके मांडून ठेवले, डबे भरायला. बाया आल्या. रोज येतात तशा एकेक, सुट्या आल्या नाहीत. सगळ्या मिळून वजनकाट्याच्या वळणावरून आल्या, आणि ट्रेलरवाल्याला ब्रेक दाबून थांबावं लागलं. सगळ्यांत पुढे झुलेखा. तिने डबा पुढे केला. सुजित सरांनी तो घेतला आणि त्यांचा हात खाली गेला. डबा जड होता. गरम होता.

त्यांनी झाकण उघडलं. आत मसूर घातलेली खिचडी होती, वर तळलेला कांदा.

“हे काय?”

“डबा,” झुलेखा म्हणाली. “स्वच्छ आहे.”

जयमालाच्या डब्यात आमसुलाचं सार. नांदेडकडच्या पोरीच्या डब्यात भाकरी आणि ठेचा, भाकरी एकच, तिचे चतकोर करून डब्यात नीट मांडलेले. सरूबाईच्या डब्यात कढीपत्त्याची चटणी, आणि काठाला, खरंच, बोटाएवढं तूप. कुणाकडून मागून आणलं होतं ते म्हातारीने शेवटपर्यंत सांगितलं नाही. मंजुळाबाई चुलीपाशी उभी राहून बघत होती. कुठल्या डब्यामागे कुठल्या घरातलं पातेलं आज रिकामं आहे हे तिला झाकण उघडल्याबरोबर कळत होतं. तिला अभिमान वाटत होता, आणि या सगळ्यांच्या दोन-दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटत होतं.

सुजित सरांचा चेहरा लाल झाला. “मी रिकामे म्हणालो होतो.”

आता मंजुळाबाई पुढे आली. तिने अंगणात सतरंजी अंथरली, ताटं काढली आणि ती खडाखडा मांडली.

“मग करा की रिकामे. बसा जेवायला.”

“बाई, मी सांगितलंय तुम्हाला. मला खाता येत नाही.”

“मग ओता.” तिने रस्त्याकडच्या गटाराकडे बोट दाखवलं. “ते तिथं. तुमचा नियम हाय ना, मी मधे बोलणार नाही. तुमच्याच हाताने ओता अन् डबे घेऊन जावा. पाणी मी घालते, विसळायला.”

झुलेखाचा डबा सुजित सरांच्या हातात होता. ते खरंच दोन पावलं गटाराकडे गेले. माणूस हट्टाला पेटला की जातो. काठावर उभे राहिले, डबा थोडा पुढे धरला. खिचडीची वाफ त्यांच्या चष्म्यावर आली. मागे सगळी वस्ती उभी होती, आणि शेडच्या उघड्या दारातून भिंतीवरचं ते मोठ्या डोळ्यांचं लेकरू दिसत होतं. ज्या माणसाने अन्नावाचून मेलेली लेकरं पाहिलीत, तो अन्न गटारात कसा ओतणार? हात तिरका होईना.

पहिली बसली ती श्रद्धा. हेल्मेट बाजूला ठेवून तिने सतरंजीवर मांडी घातली आणि भाकरीचा चतकोर उचलून ठेच्याला लावला. “सर,” ती म्हणाली, “मावशींचं वरण मी मागच्या महिन्यात ताप आला तेव्हा घरी नेलं होतं. आईने डब्यात चिवडा घालून पाठवला. माझ्याकडूनही उकळलं, असं लिहा.”

मंजुळाबाईने झुलेखाला खूण केली. झुलेखा गटाराकडे गेली, साहेबांच्या हातातून डबा न घेता नुसता चमचा त्यात ठेवून आली.

“थंड होईल, साहेब,” ती म्हणाली.

सुजित सर खाली बसले नाहीत. उभ्याउभ्याच, वस्तीकडे पाठ करून, त्यांनी पहिला चमचा खाल्ला. मग दुसरा. मग ते वळले, सतरंजीच्या टोकाला येऊन टेकले आणि डबा संपेपर्यंत मान वर केली नाही. एवढ्यात बाकीचे डबे फिरायला लागले होते. सार इकडे, चटणी तिकडे. पोरं आली, ट्रेलरवालाही आला. ज्यांच्या घरातली पातेली रिकामी होती त्यांना मंजुळाबाईने धरून धरून बसवलं आणि डोळे वटारून वाढलं. वरणही तिने पहाटेच चढवून ठेवलं होतं. बंद झालेल्या किचनची चूल पेटवल्याबद्दल तिला कुणी विचारलं नाही.

जेवण झाल्यावर सुजित सर नळावर गेले. डबा त्यांनी स्वतः घासला, राखेने, आतून बाहेरून. झुलेखापुढे येऊन त्यांनी तो पुढे केला आणि त्यांचा हात मधेच थांबला.

ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी एक खिसा चाचपला. दुसरा चाचपला. शेवटी लॅपटॉपच्या बॅगेत हात घालून, कागद-चार्जर उपसत, त्यांनी हॉटेलातली साखरेची दोन छोटी पाकिटं काढली. ती डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि डबा झुलेखाच्या हातात दिला. तिने तो तसाच मंजुळाबाईकडे दिला.

मंजुळाबाईने झाकण उघडून आत पाहिलं.

“ही साखर कुणी उकळली म्हणून लिहिणार, साहेब?”

बाया हसल्या. या वेळी साहेबही हसले, थोडंसं, ओशाळून. “मी पाहिलं ते लिहीन, बाई,” ते म्हणाले. “खोके रिकामेच नेतो परत, डबे राहू द्या. पण वरून काय येईल ते मला सांगता येणार नाही.”

“वरून यायचं ते येऊ दे,” मंजुळाबाई म्हणाली. “तांदूळ बंद करा नाहीतर गाडी पाठवा. चूल माझी हाय अन् पातेलं पन्नास माणसांचं हाय. त्यात काय पडतं ते आम्ही बघू.”

तिने दोन्ही पाकिटं दाताने फाडली, साखर चहाच्या पातेल्यात ओतली आणि मागे वळून ओरडली, “ए, बसलाव काय? डबे घासा. अन् उद्या रिकामा आणलात तर दारातूनच हाकलून देईन!”